एक सूत

पुण्याच्या हॉटेलवाल्यांचं पत्र
वेलजीभाईंनी माझ्या टेबलावर सरकवलं,
एका शब्दाखाली लाल पेनानं दोन रेघा:
कर्फ.
"याचा मतलब काय ते बघ, नि जवाब टाइप कर.
चारच्या आत."

डिक्शनरी म्हणाली, करवतीनं पडलेला अरुंद काप.
एवढंच. वापरून दाखवलेलं एक वाक्यसुद्धा नाही.

मी आपल्याकडचे शब्द काढून पाहिले.
चीर म्हणावं, तर ती वांग्याला देतात, मसाला भरायला,
शिवाय चीर म्हणजे वस्त्र, ती गोष्ट निराळी.
फट दाराला. तिच्यातून कोणीतरी बघत असतं.
भेग टाचेला, आणि मे महिन्यात आमच्या अंगणाला,
ती कोणी पाडत नाही, तीच पडते.
खाच मुद्दाम करतात, तिच्यात काही बसवायचं असतं.
काप जवळचा. पण काप सुरीचाही असतो,
आणि सुरी काही खात नाही.

आरा खातो.

आलापल्लीचा साग, बारा इंची.
त्याच्या इंच-इंचाच्या फळ्या पाडा, दहाच निघतात,
वर पाऊण इंचाची एक पट्टी, कोणाच्याच कामाची नाही.
मधलं सव्वा इंच कुठे गेलं
हे हॉटेलवाले विचारत होते,
आणि त्याचे पैसे आम्ही का द्यावे, हेही.

बाबांना फोन लावला. डोमाजी निनावे,
चौतीस वर्षं याच मिलमध्ये आऱ्याचे दात घासले,
उजवा कान तिथेच राहिला,
म्हणून फोन डाव्याला.
"कर्फ? असं काही नोहतं बा आमच्या वक्ताले."
मग मी समजावून सांगितलं.
"हे होय! एक सूत म्हण ना सरळ.
दात सरळ ठेवले तं आरा फसते लाकडात, पोट्टे.
एक डावीकडे वाकवा लागते, एक उजवीकडे.
पात्याहून काप रुंद पाह्यजे,
नाहीतं आऱ्याले वापस याले जागाच नाही भेटत."
जरा थांबले.
"पण त्याले नाव काहून पाह्यजे? भुसा होते त्याचा."

भुसा.
बगडगंजच्या खोलीत, सायकलवरून उतरवलेलं पोतं.
आई शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरायची,
भोवती भुसा ठासायची मुठीनं, दाबून दाबून,
मग बाटली हलकेच फिरवत वर काढायची.
राहिलेल्या भोकात जाळ.
तीन तास मंद, न बोलता.
तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, अंघोळीचं पाणी,
माझ्या दहावीच्या रात्रींचा चहा.
कुठल्या कुठल्या लोकांच्या दारं-खिडक्यांतलं
एकेक सूत,
त्यावर आम्ही पाच जण वाढलो.
बाटली कशाची होती
हे घरात कधी कोणी बोललं नाही.

पावणेचार.
टाइप करायला घेतलं. वाया गेलेलं म्हणू?
घट म्हणू? घट तर तोलणाऱ्याच्या मनात असते.
लिहिलं:
"कर्फ एक सूत. फळीच्या मापात तो धरलेला नाही,
पण तो लाकूडच होता. पैसे लागतील."

वेलजीभाईंनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं,
"पण तो लाकूडच होता" एवढं खोडलं,
म्हणाले, कविता नको,
आणि सही केली.

मी कागद पुन्हा काढला, तीन शब्दांशिवाय.
ओळीत आता जागा मोकळी दिसत होती,
की मलाच दिसत होती.

चार वाजता मोठा आरा परत सुरू झाला,
टेबलाची काच थरथरली,
खिडकीतून आलेला बारीक पिवळा भुसा
कळांच्या मधल्या जागांत जाऊन बसला.
मी फुंकर मारली.
थोडा उडाला.